रेडिओ स्टेशनचा फॉरमॅट बदलावा का? आकडे मांडून बोलू

लंबकर्ण

फॉरमॅट, म्हणजे स्टेशन कुठल्या प्रकारची गाणी किंवा कार्यक्रम देतं ते, बदलण्याचा वाद "ही गाणी आता कोण ऐकतं?" इथून सुरू होतो आणि तिथेच घुटमळत राहतो. कोण ऐकतं यापेक्षा जाहिरातीचे पैसे कोण देतं, हे आधी बघायला हवं. म्हणून या धाग्यात आवडीनिवडी बाजूला ठेवून फक्त हिशेब.

मधल्या आकाराचं एक काल्पनिक स्टेशन घेऊ. चलन कुठलंही धरा, वर्षाचा महसूल १००. स्थिर खर्च ४५, म्हणजे टॉवरचं भाडं, वीज, परवाना शुल्क, इंजिनिअर, ऑफिस. कार्यक्रमांवर २०. विक्रीचा खर्च, कमिशन धरून, महसुलाच्या १५ टक्के. हातात उरतात २०. महसूल मात्र दरवर्षी ४ टक्क्यांनी घसरतोय.

काहीच केलं नाही तर पुढच्या चार वर्षांत उरतात १६.६, १३.३, १०.२ आणि ७.२. एकूण ४७.३.

आता फॉरमॅट बदलला असं धरू. एकदाचा खर्च १८: कर्मचाऱ्यांची देणी ६, प्रसिद्धी ७, श्रोत्यांचा आणि गाण्यांचा सर्व्हे २, जिंगल आणि स्टेशनचा नवा आवाज १, नाव, बोर्ड, वेबसाइट, वकील मिळून २. पहिल्या वर्षी महसूल ६५ वर येतो, मग ९०, ११५ आणि ११८. सुरुवातीला आरजे कमी असल्याने कार्यक्रमांचा खर्च पहिल्या वर्षी १४, दुसऱ्या वर्षी १८, पुढे २०. उरतात: उणे २१.८, १३.५, ३२.८, ३५.३. बेरीज ५९.८.

वरवर पाहता बदल फायद्याचा. पण तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बदललेलं स्टेशन अजून १५.६ ने मागेच असतं, बरोबरी होते ती चौथ्या वर्षाच्या सातव्या महिन्यात. त्यात पैसा १२ टक्क्यांनी आणलेला असेल आणि त्या दराने आजची किंमत काढली, तर चार वर्षांचा जादा फायदा जवळजवळ शून्य. आणि तिसऱ्या वर्षी ११५ ऐवजी १००, चौथ्या वर्षी १०२ एवढीच मजल गेली, तर व्याज न धरताही चार वर्षांत सुमारे १४ चा खड्डा.

थोडक्यात, सगळा खेळ दोन आकड्यांचा आहे: पहिल्या वर्षीची घसरण किती खोल, आणि तिसऱ्या वर्षी महसूल जुन्या पातळीच्या वर किती जातो. प्रेझेंटेशनमध्ये दुसरा आकडा ठळक असतो आणि पहिला तळटीपेत.

---

खर्चवही

मांडणी चोख आहे, पण तिसरी ओळ राहिली. तुम्ही "काहीच न करणं" आणि "सगळं बदलणं" एवढंच ताडून पाहिलंत. फॉरमॅट तोच ठेवून डागडुजी केली, त्यावर एकदाच ६ घातले आणि महसूल नुसता १०० वर थांबवला, वाढवलाही नाही, तरी चार वर्षांत ८० वजा ६, म्हणजे ७४ उरतात. तुमच्या ५९.८ पेक्षा कितीतरी जास्त. मालकासमोर ही ओळ बहुतेक वेळा येतच नाही, कारण डागडुजीत कुणाचं नाव होत नाही.

---

पाव_तास

डागडुजी करायची तर नेमकं काय बिघडलंय ते आधी कळायला हवं, आणि ते रेटिंगच्या एका आकड्यावरून कळत नाही. आकडा फोडून बघा.

सरासरी पाव तासाचे श्रोते = आठवड्याचे एकूण वेगवेगळे श्रोते × प्रत्येकाने ऐकलेले पाव तास ÷ त्या कालावधीतले एकूण पाव तास.

सकाळी सहा ते मध्यरात्र, सातही दिवस, म्हणजे १२६ तास, ५०४ पाव तास. आठवड्याला १ लाख वेगवेगळे श्रोते आणि प्रत्येकाचं ऐकणं सरासरी पाच तास (२० पाव तास) असेल, तर सरासरी येते साधारण ३,९७०.

आता हीच सरासरी दोन कारणांनी निम्मी होऊ शकते. श्रोते तेवढेच, पण अडीच तासच टिकतात. किंवा टिकतात पाच तास, पण आहेतच ५० हजार. पहिल्या प्रकारात लोक येतायत आणि कंटाळून जातायत. दोष गाण्यांच्या फेऱ्यात, जाहिरातींच्या लांबलचक ब्रेकमध्ये, नाहीतर बडबडीत. फॉरमॅट बदलून काही साधत नाही, कारण तीच टीम तोच ब्रेक नव्या गाण्यांमध्ये घालणार. दुसऱ्या प्रकारात आलेले लोक खूश आहेत, पण येणारे कमी. तिथे आधी प्रसिद्धी आणि सिग्नल तपासायचा. दोन्ही ठीक असूनही आकडा खालीच असेल, तर त्या फॉरमॅटची बाजारपेठच आटली आहे. फॉरमॅट बदलण्याचा विचार तेव्हा करावा.

ब्रेक कुठे घालता तेही बघा. पारंपरिक नियमाने पाव तासात पाच मिनिटं ऐकलं की तो पाव तास स्टेशनच्या खात्यात जमा होतो. (अमेरिकेत मीटरने मोजणी होते त्या बाजारांत २०२५ पासून ही अट तीन मिनिटांवर आली आहे, श्रोते काय ऐकलं ते डायरीत लिहितात त्या बाजारांत पाचच.) म्हणून ब्रेक तासाच्या २० व्या आणि ५० व्या मिनिटाला. ५५ पासून पुढच्या तासाच्या २० पर्यंत सलग गाणी ठेवली की तासाची आणि पाव तासाची सीमा गाण्यांवरच ओलांडली जाते. १३ व्या मिनिटाला सुरू होऊन १८ ला संपणारा ब्रेक म्हणजे स्वतःच्या हाताने श्रोता सीमेवर सोडून देणं.

---

फिरती_तबकडी

गाण्यांच्या फेऱ्याबद्दल दोन ओळी वाढवतो, कारण "श्रोत्यांना फॉरमॅटचा कंटाळा आलाय" या निष्कर्षामागे कितीदा तरी फक्त शेड्युलिंगचा घोळ असतो.

एका गटातली गाणी भागिले तासातल्या त्या गटाच्या जागा = फेऱ्याचा काळ. हिट गटात ७ गाणी आणि तासाला ३ जागा असतील तर फेरा २ तास २० मिनिटांचा. दुसऱ्या गटात ८ गाणी आणि तासाला २ जागा ठेवल्या की फेरा बरोबर ४ तासांचा होतो. ४ ने २४ ला पूर्ण भाग जातो, त्यामुळे शेड्युलरमध्ये (गाण्यांचा क्रम लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वेगळा नियम घातला नसेल तर तेच गाणं रोज त्याच तासाला येऊन बसतं. रोज नऊ वाजता गाडीत बसणारा माणूस म्हणतो, "यांच्याकडे दहाच गाणी आहेत." लायब्ररीत असतात पाचशे. ८ ची ९ केली की फेरा साडेचार तासांचा होतो आणि गाणं रोज पुढे सरकतं. हा उपाय फुकट आहे.

---

आडवा_प्रश्न

डागडुजीचं कौतुक पुरे. श्रोत्यांचं सरासरी वय दरवर्षी वर सरकणाऱ्या फॉरमॅटचं काय? जाहिरात एजन्सीचा खरेदीदार २५ ते ५४ वयाचे आकडे मागतो. तुमचा श्रोता ५८ चा झाला की तो कितीही निष्ठेने ऐकत असला तरी त्या खरेदीत दिसतच नाही. तिथे महसूल १०० वर थांबेल हे खर्चवही यांनी कशाच्या जोरावर धरलं?

---

खर्चवही

रास्त प्रश्न. जोर आहे तो महसुलाच्या विभागणीचा. १०० पैकी एजन्सीकडून येणारे किती आणि थेट स्थानिक जाहिरातदारांचे किती, हे आधी वेगळं काढा. स्थानिक दुकानदार रेटिंग विकत घेत नाही, दारात आलेलं गिऱ्हाईक मोजतो. त्याचा वाटा ७० असेल तर वय वाढणं बराच काळ पचतं. एजन्सीचा वाटा ७० असेल तर माझी ७४ ची ओळ फाडून टाका.

आणखी एक मोजमाप, रेडिओच्या धंद्यात त्याला पॉवर रेशो म्हणतात: बाजारातल्या रेडिओ महसुलात तुमचा वाटा भागिले ऐकण्यात तुमचा वाटा. ऐकण्यात ४ टक्के आणि महसुलात ६ टक्के असाल तर रेशो १.५. बातम्या-चर्चा आणि खेळ हे फॉरमॅट सहसा १ च्या वर असतात, कारण तो श्रोता लक्ष देऊन ऐकतो आणि त्याच्या खिशात पैसे असतात. अगदी तरुण किंवा अगदी वयस्क श्रोत्यांवर उभे असलेले फॉरमॅट बरेचदा खाली. १.४ च्या फॉरमॅटमधून ०.८ च्या फॉरमॅटमध्ये उडी मारली, तर नुसतं होतं तिथे राहायला १.७५ पट श्रोते लागतात. रेटिंग वाढलं म्हणून पेढे वाटायचे आणि महसूल घसरला म्हणून सेल्सच्या माणसाला झापायचं, हा प्रकार इथून सुरू होतो.

---

वाचनमात्र

समजा शहरात एक स्टेशन आधीच तो फॉरमॅट चालवतंय आणि छान कमावतंय. दुसऱ्याने त्यात उडी घेणं शहाणपणाचं का?

---

लंबकर्ण

एकट्या स्टेशनला क्वचितच. तुम्ही निम्मा वाटा धरून बसता आणि जुना खेळाडू त्याच आठवड्यात ब्रेक कमी करतो, बक्षिसं वाढवतो, दर पाडतो. त्याच्याकडे सवयीचे श्रोते आहेत, तुमच्याकडे १८ चं कर्ज. त्याचं ट्रान्समिशन कमजोर असेल, किंवा तो आळसावला असेल (तासाला १६ मिनिटं जाहिराती, वर्षभर तीच यादी), तरच घुसायला जागा असते.

एकाच मालकाची चार-पाच स्टेशनं असतील तर गणित बदलतं. तिथे एखादं स्टेशन मुद्दाम प्रतिस्पर्ध्याच्या शेजारच्या फॉरमॅटवर बसवतात, त्याचे दोन टक्के खाऊन आपलं मोठं स्टेशन वर राहावं म्हणून. तेव्हा तोटा त्या छोट्या स्टेशनच्या वहीत दिसतो आणि फायदा मोठ्याच्या. उलटही होतं: नवं स्टेशन प्रतिस्पर्ध्याऐवजी आपल्याच भावंडाचे श्रोते खातं. म्हणून हिशेब पूर्ण समूहाचा करावा. एकट्या स्टेशनचा ताळेबंद दोन्ही प्रकारांत दिशाभूल करतो.

---

पाव_तास

उदाहरण हवं असेल तर न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम. १९७२ पासून जुन्या गाण्यांचं स्टेशन. ३ जून २००५ रोजी ते एका झटक्यात जॅक या फॉरमॅटवर नेलं: आरजे नाहीत, मोठी मिसळ यादी, तिरकस रेकॉर्डेड आवाज. १२ जुलै २००७ रोजी ते पुन्हा जुन्या हिट गाण्यांकडे वळलं. दोन वर्षं आणि वर महिनाभर. वर्तुळ पूर्ण करताना एकदाचा खर्च दोनदा होतो, हे वरच्या तक्त्यात कुणी धरत नाही.

यातून जॅक वाईट असा अर्थ काढू नका, तो फॉरमॅट इतरत्र चालला. पण तिथे ओळखीच्या आवाजांवर उभं असलेलं स्टेशन बिनआवाजाचं केलं. हातात होतं ते पूर्ण सोडलं आणि नव्यासाठी शून्यातून सुरुवात. नव्या फॉरमॅटचे आणि जुन्याचे श्रोते किती एकमेकांत मिसळतात हे बदलाआधी सर्व्हेत विचारता येतं. मिसळ जास्त असेल तर पहिल्या वर्षीची घसरण ३५ ऐवजी १५-२० वर रोखता येते, आणि मग लंबकर्ण यांचा तक्ता एकदम उजळतो.

---

कलम_उपकलम

हिशेबाआधी परवानगी बघा राव. बदल करता येतो का, हेच देशागणिक वेगळं आहे.

अमेरिकेत फॉरमॅट हा मालकाचा प्रश्न. नियामकाने तो बाजारावर सोडला आणि १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डब्ल्यूएनसीएन लिसनर्स गिल्ड खटल्यात ते धोरण उचलून धरलं. ब्रिटनमध्ये स्थानिक व्यावसायिक एफएमच्या परवान्यातच कार्यक्रमांचं स्वरूप लिहिलेलं असायचं आणि मोठा बदल करायचा तर ऑफकॉम या नियामकाकडे जावं लागायचं. २०२४ च्या मीडिया कायद्याने संगीताच्या प्रकारांबाबतची बंधनं काढायची वाट मोकळी केली. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं घेता येतं. त्यामुळे बातम्या-चर्चेचा पॉवर रेशो कितीही गोड दिसला तरी ते दार तिथे बंद आहे.

परवान्याची किती वर्षं उरली तेही तपासा. चौथ्या वर्षी पैसे वसूल होणारा बदल तीन वर्षं उरलेल्या परवान्यावर करणं म्हणजे नूतनीकरणाची आणि त्याच्या शुल्काची पैज लावणं.

---

ओव्हरमॉड

सगळे महसुलावर बोलतायत. खर्चाच्या बाजूला तांत्रिक कामं आहेत आणि ती बदलाच्या एकदाच्या १८ मध्ये कुणीच धरलेली नाहीत.

संगीताकडून चर्चेकडे जात असाल तर: फोन लाइन्स, फोन गाळणारा माणूस, एक निर्माता, आणि अपशब्द अडवायला डिले युनिट, म्हणजे आवाज काही सेकंद उशिरा हवेत सोडणारं यंत्र. आवाजाच्या प्रोसेसरचं सेटिंग पूर्ण बदलतं. गाण्यांसाठी दाबून ठेवलेलं कॉम्प्रेशन (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणं) बोलण्यावर लावलं की वाक्यांच्या मधला श्वास आणि एसीची घरघर वर येते. ऐकणारा दहा मिनिटांत थकतो, आणि का थकला ते त्याला सांगता येत नाही. नुसतंच बोलणं असेल तर मोनो ठेवा. स्टिरिओ काढला की कडेच्या भागातली खरखर स्पष्ट कमी होते, म्हणजे फुकटात थोडं क्षेत्र वाढतं.

शास्त्रीय संगीताकडे जाताना सायलेन्स सेन्सर हमखास विसरतात. पॉपसाठी तो १० सेकंदांवर लावलेला असतो. संथ आलाप किंवा सिम्फनीचा हळुवार भाग आला की सेन्सरला वाटतं स्टेशन बंद पडलं, आणि तो बॅकअपवर उडी मारतो. पातळी खाली आणा, वेळ ३०-४५ सेकंद करा.

आरडीएस, म्हणजे एफएम सिग्नलसोबत जाणारी मजकुराची माहिती. गाडीच्या पडद्यावरचं आठ अक्षरांचं नाव बदलायचं लक्षात राहतं, कार्यक्रम-प्रकाराचा कोड राहून जातो. तो कोड अमेरिकेत आणि बाकी जगात वेगळा: ५ म्हणजे अमेरिकेच्या तक्त्यात रॉक, युरोपच्या तक्त्यात शिक्षण. बाहेरच्या सल्लागाराने पाठवलेली सेटिंगची फाइल जशीच्या तशी चढवू नका.

---

वाचनमात्र

बदलाच्या आधी एकच गाणं दोन-तीन दिवस सतत वाजवतात ते कशासाठी? जुन्या श्रोत्यांना हाकलायला?

---

फिरती_तबकडी

ते एक कारण सांगितलं जातं, पण खरा उपयोग चर्चेचा. लोक एकमेकांना सांगतात, स्टेशन वेडं झालंय म्हणून. आणि आत टीम बदलायला, लायब्ररी चढवायला उसंत मिळते. दोन दिवस ठीक. आठवडाभर ताणलं तर लोकांच्या कारमधलं प्रीसेट बटण दुसऱ्याला दिलं जातं, आणि ते परत मिळवायलाच प्रसिद्धीच्या ७ पैकी निम्मे जातात.

त्यापेक्षा "पहिली इतकी गाणी जाहिरातीविना" हा मार्ग बरा. महसूल तसाही तळाला असतो, त्यामुळे सोडून दिलेली जाहिरात स्वस्तात पडते. मात्र पुढचा जिना आधीच ठरवा: तासाला ४ मिनिटं, तीन महिन्यांनी ८, मग १०-१२. शून्यावरून थेट १४ वर नेलं की मिळवलेलं ऐकणं त्याच महिन्यात गळतं.

---

खर्चवही

आणि त्या काळात दर पाडू नका. मिनिटं कमी ठेवा, दर जुनाच ठेवा. ३० सेकंदांचा दर एकदा निम्मा केला की जाहिरातदाराच्या डोक्यात तोच दर बसतो. रेटिंग दुप्पट झालं तरी तो "मागच्या वेळी एवढ्याला दिलं होतं" हेच काढतो.

सेल्सची यादी बदलाच्या आधी तीन रकान्यांत फोडा: कुठल्याही श्रोत्याला विकणारे (किराणा, मोबाइल, बँक), फक्त जुन्या श्रोत्यांसाठी येणारे, आणि नव्या फॉरमॅटमुळे पहिल्यांदाच येऊ शकणारे. दुसरा रकाना पूर्ण शून्य धरा. तिसऱ्यातले निम्मे धरा, तेही सातव्या महिन्यापासून. पहिल्यातलेही काही "थोडं थांबून बघू" म्हणतात. पहिल्या वर्षाचा ६५ हा आकडा असा तळातून बांधला तर तो ५५ निघतो की ७५, हे आधीच कळतं. एजन्सीच्या करारात रद्द करण्याची मुदत किती दिवसांची आहे तेही याच वेळी वाचा. काही एजन्सी रेटिंगच्या दोन-चार सर्व्हेंची सरासरी धरून खरेदी करतात, त्यामुळे तुमचं नवं रेटिंग त्यांच्या कागदावर पूर्ण उतरायला बरेच महिने जातात. पगार मात्र दर महिन्याला.

---

आडवा_प्रश्न

मग थांबायचं कधी? सहाव्या महिन्यात आकडे हलले नाहीत तर गुंडाळायचं का?

---

पाव_तास

सहाव्या महिन्यात सरासरी बघू नका, तिचे दोन घटक बघा. वेगवेगळे श्रोते वाढतायत पण टिकत नाहीत, तर कार्यक्रम दुरुस्त करा आणि चालू ठेवा. टिकतायत पण संख्या वाढत नाही, तर प्रसिद्धीचे उरलेले पैसे तेव्हा खर्च करा; सगळे ७ पहिल्याच महिन्यात उधळू नका, निदान ३ मागे ठेवा. दोन्ही सपाट असतील तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मालकाला रोकड किती लागेल ते काढा. वरच्या तक्त्यात तो आकडा जवळपास २२ आहे, आणि तो बदलाच्या दिवशी बँकेत नसेल तर बाकी चर्चा व्यर्थ.

---

ओव्हरमॉड

शेवटची तांत्रिक भर, कारण हे नेमकं पहिल्याच आठवड्यात घडतं. ट्रान्समीटरच्या जागी एक बॅकअप प्लेअर असतो. स्टुडिओची लिंक तुटली की तो आपोआप सुरू होतो, आणि त्याच्या कार्डवर जुनी गाणी आणि जुन्या नावाची जिंगल तशीच असते. नव्या स्टेशनच्या मध्यरात्री जुनं स्टेशन हवेत. बदलाच्या आदल्या दिवशी कार्ड बदला, मग लिंकची केबल स्वतः काढून तो नेमकं काय वाजवतो ते पूर्ण एक तास ऐका. जुन्या नावाचा उल्लेख असलेल्या जाहिराती ("अमुक स्टेशनचं नाव सांगा आणि सवलत मिळवा") ऑटोमेशनमध्ये फाइलच्या नावावरून सापडत नाहीत. त्या एकेक कान लावूनच काढाव्या लागतात, तेव्हा त्या कामाला एक माणूस आणि दोन दिवस धरून ठेवा.